वाचून दाखवला

आमच्या नात्यातले एक वृद्ध मामा आहेत. उभी हयात त्यांनी तलाठ्याच्या नोकरीत, सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नोंदी, पंचनामे आणि जबाब यांच्या संगतीत काढली, आणि सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली तरी हातात आलेला कोणताही कागद, मग तो लग्नाच्या आमंत्रणाचा का असेना, पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचल्याखेरीज खाली ठेवायचा नाही ही त्यांची सवय सुटलेली नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या अंगावर वारंवार पित्त उठू लागले, गांधींनी पाठ आणि दंड भरून जाऊ लागले, आमसुलाचे पाणी चोळून झाले, पथ्यपाणी झाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मसलत झाली, आणि तरीही उतार पडेना, तेव्हा ते जिल्ह्याच्या गावच्या एका मोठ्या रुग्णालयात जाऊन आले. परतीच्या वाटेवर माझ्याकडे उतरले ते एक केसपेपर, त्या केसपेपरची एक झेरॉक्स (मूळ कागद सहसा कोणाच्या हाती द्यायचा नाही, हाही नोकरीतलाच संस्कार), गोळ्यांची तीन पाकिटे आणि एक शंका घेऊन. कागदावर घाईच्या अक्षरात ‘क्रॉनिक इडिओपॅथिक अर्टिकेरिया’ असे लिहिलेले होते, आणि मामांचे म्हणणे असे की, डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, नाव भारदस्त आहे याविषयी तक्रार नाही, परंतु त्या नावाचा तपशील काही सांगितला नाही.

तपशील मी सांगितला. ‘क्रॉनिक’ या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतला ‘ख्रोनोस’ म्हणजे काळ आहे. सबब दीर्घकाळ रेंगाळणारा तो क्रॉनिक. ‘अर्टिकेरिया’ हा लॅटिनातून आलेला शब्द. अंगाला लागताच आग आणि खाज सुटावी अशा, आपल्या खाजकुयलीची आठवण करून देणाऱ्या, एका वनस्पतीच्या नावावरून तो घेतलेला आहे. राहता राहिला ‘इडिओपॅथिक’. तर ‘इडिओस’ म्हणजे स्वतःचा आणि ‘पाथोस’ म्हणजे दुःख, अर्थात जे आपले आपण उद्भवले, ज्याचे बाहेरचे कारण सापडत नाही, असे दुखणे. मामा क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांना हसू आवरेना. ते म्हणाले, “म्हणजे ‘फार दिवस अंगावर पित्त उठते, कारण कळत नाही’ असेच ना? अरे, हे तर मीच त्यांना सांगितले होते!”

मामांच्या या विनोदात डॉक्टरांवर थोडा अन्याय आहे, हे आधीच कबूल केले पाहिजे. ज्ञात कारणांचा शोध घेतला आणि त्यांपैकी एकही लागू पडले नाही, हा निष्कर्ष त्या एका ग्रीक शब्दात नोंदलेला असतो, आणि तो शब्द सांगलीच्या डॉक्टरला जसा कळतो तसाच सिंगापूरच्या डॉक्टरलाही कळतो. अशा सर्वमान्य परिभाषेवाचून कोणतेही शास्त्र चालणार नाही. परंतु जो शब्द एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहायचा, तोच रोग्याच्या हाती देऊन त्याची बोळवण करायची, आणि त्यालाच रोग्याला दिलेले उत्तर समजायचे, ही जी वहिवाट आपल्या दवाखान्यांतून पडून गेली आहे, तिच्याविषयी मला तक्रार आहे. आणि त्या तक्रारीला माझी साक्ष आहे ती खुद्द त्या ग्रीक शब्दांचीच. कारण बरे करणे या क्रियेसाठी ग्रीकांनी जे शब्द योजिले आणि जे आज आपल्या वैद्यकाच्या दर पानावर ठाण मांडून बसले आहेत, त्यांचे मूळचे अर्थ उलगडून पाहिले तर त्यांत सेवा आहे, जवळ उभे राहणे आहे, बिछान्यापाशी जाणे आहे. रोग्याला अंधारात ठेवणे मात्र त्यांपैकी एकाही शब्दाच्या पोटात नाही.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ‘इआत्रॉस’. ग्रीक भाषेत ‘इआओमाइ’ म्हणजे मी बरे करतो, आणि बरे करणारा तो इआत्रॉस, आपला वैद्य. मुलांचा वैद्य या अर्थाने पीडिअ‍ॅट्रिक्स, मनाचा वैद्य या अर्थाने सायकिअ‍ॅट्री, आणि वृद्धांचा वैद्य या अर्थाने जेरिअ‍ॅट्रिक्स असे त्याचे वंशज झाले. यांतले काही शब्द वाटतात तितके पुरातन नाहीत. मनाच्या वैद्यकीला हे नाव योहान क्रिस्टियान राइल या जर्मन वैद्याने 1808 साली दिले, आणि वृद्धांच्या वैद्यकीला इग्नात्स नाशर यांनी न्यूयॉर्कमध्ये 1909 साली. म्हणजे घडवणारे आधुनिक आणि धातू तेवढा प्राचीन. ग्रीकांच्या पुराणात या धातूला देवत्वही मिळालेले आहे. आरोग्यदेव अस्क्लेपिओस याच्या मुलींपैकी एकीचे नाव इआसो, म्हणजे साक्षात बरे होणे. दुसरी पानाकेइया, म्हणजे सर्व रोगांवरचा उपाय, जिच्या नावाने आजही इंग्रजीत रामबाण इलाजाला ओळखतात. आणि तिसरी हिगिएइया, म्हणजे आरोग्य, जिच्यापासून ‘हायजीन’ हा शब्द निघाला. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या वैद्यांच्या शपथेच्या आरंभी ज्या देवतांना साक्षी ठेवले आहे, त्यांत या शेवटच्या दोघी बहिणी आहेत. व्युत्पत्तीच्या हौशी मंडळींना मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे: सोरायसिससारख्या रोगनामांच्या शेवटी जो ‘इआसिस’ ऐकू येतो तो या घराण्यातला नव्हे, तो केवळ विकार दाखवणारा प्रत्यय आहे, आणि नावसारखेपणावरून त्याला वारस ठरवणे म्हणजे खोट्या दाखल्यावर फेरफार मंजूर करण्यासारखे आहे.

आता या ग्रीक नावांशेजारी आपल्या गावातल्या पाट्या ठेवून पाहाव्यात. ग्रीक शब्द म्हणतो मुलांचा वैद्य, आपली पाटी म्हणते बालरोगतज्ज्ञ. एकाच्या मध्यभागी बरे करणारा माणूस आहे, दुसऱ्याच्या मध्यभागी रोग आहे आणि माणूस त्या रोगाचा जाणकार म्हणून शेवटी येतो. हा भेद क्षुल्लक म्हणून सोडून देता आला असता. पण आपल्या जुन्या वैद्यकाने याच शाखेला ‘कौमारभृत्य’, म्हणजे मुलांचे भरणपोषण, असे रोगाचा उल्लेखही नसलेले नाव दिले होते, हे आठवले की मग काहीतरी हातचे गमावले असे वाटू लागते. एका मानसोपचारतज्ज्ञाच्या पाटीवर तेवढा रोगाऐवजी उपचार शिल्लक आहे, आणि या बाबतीत मनाच्या वैद्यांनी शरीराच्या वैद्यांपेक्षा अधिक शहाणपण दाखवले असे म्हणावे लागते.

या परिवारातला दुसरा मोठा शब्द ‘थेरपी’. फिजिओथेरपी, केमोथेरपी, सायकोथेरपी असे त्याचे नाना अवतार आता आपल्या घरोघरी पोहोचले आहेत, आणि ज्या घरात केमोचे दिवस मोजले जातात तेथे तर तो शब्द कुजबुजत्या स्वरात उच्चारला जातो. ‘थेरापेइया’ याचा मूळचा अर्थ मात्र औषध नव्हे. सेवा, सरबराई, तैनात हा त्याचा अर्थ. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस हाच शब्द घोड्यांच्या निगेलाही लावतो आणि देवांच्या सेवेलाही, आणि मग या दोहोंत फरक कोणता असा पेच समोरच्या गृहस्थाला घालतो; म्हणजे मोतद्दाराने केलेला खरारा आणि पुजाऱ्याने केलेली पूजा ही दोन्ही कामे या एका शब्दाच्या कक्षेत येत होती. आणि अशी सेवा करणारा जो सोबती, तो ‘थेरापोन’.

होमरच्या इलियडमध्ये अकिलीसचा थेरापोन म्हणून ओळखला जातो तो त्याचा जिवलग पात्रोक्लस. युद्ध ऐन भरात असताना, महत्त्वाचा निरोप घेऊन तो लगबगीने अकिलीसकडे निघालेला आहे, आणि वाटेत त्याला मांडीत बाण रुतलेला, घामाने निथळणारा, लंगडत येणारा युरिपिलस भेटतो. सैन्यात वैद्य दोनच, दोघेही अस्क्लेपिओसचे पुत्र. त्यांतला एक स्वतःच जखमी होऊन पडलेला आणि दुसरा लढाईत गुंतलेला. तेव्हा तो जखमी वीर पात्रोक्लसलाच विनवतो, कारण औषधांची विद्या तो अकिलीसकडून शिकला आहे अशी त्याची ख्याती आहे. निरोपाची घाई बाजूला ठेवून पात्रोक्लस त्याला तंबूत नेतो, कातड्यावर निजवतो, सुरीने बाणाचे टोक कापून काढतो, काळे रक्त कोमट पाण्याने धुतो, आणि एक कडू मूळ हातावर चोळून जखमेत भरतो. तेव्हा कळ थांबते आणि रक्त सुकते. इतके झाल्यावर तो निघून गेला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता; परंतु पुढे बऱ्याच वेळाने कवी आपल्याला पुन्हा त्या तंबूत नेतो, तो पात्रोक्लस तेथेच बसलेला, जखमेवर औषध लावीत आणि त्याच वेळी गोष्टी सांगून त्या जखमी सोबत्याचे मन रमवीत. लेप आणि बोलणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच बैठकीत केल्या, आणि थेरपी या शब्दाचा जन्म अशा माणसांच्या नावातून झालेला आहे. आपल्याकडे शस्त्रवैद्यकाला शल्यचिकित्सा म्हणतात त्यातले ‘शल्य’ तरी दुसरे काय? अंगात रुतलेले बाणाचे टोक.

आपल्या भाषेत या थेरापेइयाचे प्रतिबिंब शोधू गेल्यास ते एका ठिकाणी नव्हे, दोन ठिकाणी सापडते. पहिला शब्द ‘उपचार’: जवळ जाणे, मान ठेवणे, सेवा करणे. देवाची षोडशोपचारे पूजा आणि तापाने फणफणलेल्या मुलावरचे औषधोपचार यांना एकच शब्द पुरावा, हा योग ग्रीक शब्दाशी इतका तंतोतंत जुळतो की कोणाला उसनवारीचा संशय यावा. पण उसनवारी येथे नाही, दोन समाजांना एकच गोष्ट स्वतंत्रपणे सुचलेली आहे. दुसरा शब्द त्याहून सुंदर. गावोगावच्या पाट्यांवर ‘शुश्रूषागृह’ असे लिहिलेले आपण रोज वाचतो आणि त्याखालून जातो. पण शुश्रूषा म्हणजे व्याकरणदृष्ट्या ‘श्रु’ या धातूपासून झालेले इच्छार्थक रूप, ऐकण्याची इच्छा. शिष्याने गुरूचे ऐकावे म्हणून तो उत्सुक, त्यातून आज्ञाधारकता, त्यातून सेवा, आणि सेवेतून आजाऱ्याची देखभाल असा त्या शब्दाचा प्रवास झाला. चिकित्सा हाही अशाच इच्छार्थक घडणीचा शब्द. जुने वैयाकरण त्यासाठी रोग दूर करणे या अर्थाचा ‘कित्’ धातू सांगतात, तर आधुनिक भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध जाणणे या अर्थाच्या ‘चित्’ धातूशी लावतात, आणि मराठीने तर दोन्ही अर्थ राखून ठेवले आहेत, म्हणूनच आपल्याकडे वैद्यही चिकित्सा करतो आणि लग्नाच्या याद्या तपासणारी आत्याबाईही फार चिकित्सक असते. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषधी द्रव्य, उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा परिचारक, आणि रोगी. यातला उपस्थाता म्हणजे होमरचा थेरापोनच. परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते हे की, उत्तम रोग्याच्या गुणांत चरकाने ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपले दुखणे नीट सांगता येणे, हा गुण मोजला आहे. रोग्याने सांगावे आणि ऐकण्याची इच्छा असलेल्या घरात ते ऐकले जावे, असा हा दुहेरी करार आहे.

आता थोडे औषधाविषयी. ‘फार्मसी’ या शब्दाच्या मुळाशी जो ‘फार्माकोन’ आहे, त्याचा अर्थ औषधही होतो आणि विषही होतो. जखमेवर पात्रोक्लसने लावले तेही फार्माकोन, आणि अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटिसने जो प्याला ओठांना लावला त्यात होते तेही फार्माकोन. आपल्या वैद्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण बचनागासारखे जहाल विष शुद्ध करून औषधात वापरण्याची परंपरा आपल्याकडे आहे, आणि मात्रा हा शब्द आपण औषधालाही लावतो व प्रमाणालाही. हातांचेही तसेच आहे. शस्त्रक्रियेला ग्रीकांनी ‘खेइरुर्गिया’, म्हणजे हाताचे काम, असे म्हटले, त्याचाच अपभ्रंश होत होत सर्जरी झाली; आणि आपण ‘त्या डॉक्टरांना हातगुण आहे’ असे म्हणतो तेव्हा त्याच हाताला दाद देत असतो. परंतु 1847 साली व्हिएन्नात इग्नात्स सेमेलवाइस या वैद्याने दाखवून दिले की, शवविच्छेदन करून थेट प्रसूतीच्या खोलीत येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांवाटेच बाळंतिणींना जीवघेणा ताप पोहोचत आहे. क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती त्याने करताच मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले, आणि तरीही त्याच्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांना ते पटवून घेणे जड गेले. वैद्यामुळेच उद्भवलेल्या अशा दुखण्याला ‘आयट्रोजेनिक’ म्हणतात. बरे करणारा जो इआत्रॉस, त्याच्याच नावाने रोगाची नोंद. रोगापेक्षा औषध भयंकर ही म्हण आपल्याकडे होतीच. पण आपल्या व्यवसायाच्या दोषाला आपल्याच व्यवसायाचे नाव देण्याचा हा जो प्रामाणिकपणा, तो वैद्यकाच्या परिभाषेचे भूषण आहे असे मी मानतो.

तिसरा शब्द ‘क्लिनिक’. ‘क्लिने’ म्हणजे बिछाना. त्यावर पडलेल्या माणसापाशी जाऊन जो पाहतो तो क्लिनिकल वैद्य. आज क्लिनिकमध्ये बिछाना असतोच असे नाही; टेबल असते, टेबलावर पडदा असतो, आणि पुष्कळदा डॉक्टरांची नजर रोग्यापेक्षा त्या पडद्यावर अधिक वेळ खिळलेली असते. पण याहून गंभीर गोष्ट प्लेटोने आपल्या ‘नोमोइ’ म्हणजे ‘कायदे’ या ग्रंथात सांगून ठेवलेली आहे. तो म्हणतो की वैद्य दोन प्रकारचे. एक गुलामांवर उपचार करणारे, बहुधा स्वतःही गुलामच. ते रोग्याला त्याच्या दुखण्याविषयी काही विचारीत नाहीत आणि काही सांगतही नाहीत, एखाद्या जुलमी राजाच्या थाटात हुकूम सोडतात आणि दुसऱ्या रोग्याकडे धावतात. दुसरे स्वतंत्र नागरिकांचे वैद्य. ते रोग्याशी आणि त्याच्या आप्तेष्टांशी बोलतात, रोग मुळापासून समजून घेतात, रोग्याकडून स्वतः शिकतात आणि त्याला शक्य तितके शिकवतात, आणि त्याची समजूत पटेपर्यंत औषध लिहून देत नाहीत. ग्रीकांत सगळेच या दुसऱ्या मताचे होते असे नाही. हिप्पोक्रेटिसच्या नावावर जमा झालेल्या ग्रंथांपैकी वैद्याच्या शिष्टाचारावरच्या एका लेखात, रोग्यापासून बहुतेक गोष्टी लपवून ठेवाव्यात, असाही सल्ला आढळतो. सबब प्रश्न ग्रीक विरुद्ध मराठी असा नाहीच. दोन वैद्यांपैकी आपल्याला कोणता हवा, आणि आपण कोणत्या प्रकारचे रोगी म्हणवून घ्यायला तयार आहोत, गुलाम की नागरिक, हा प्रश्न आहे.

ग्रीक शब्दांविषयी मला आकस नाही, आणि तो बाळगणे आपल्याला परवडणारही नाही, कारण आपल्या नकळत ते आपल्या घरात केव्हाच वावरू लागले आहेत. खेड्यातल्या बाईला विचारा, बाळाला डोस कुठे दिला. ती म्हणेल, आरोग्य केंद्रात. हा ‘केंद्र’ शब्द ग्रीक ‘केंत्रोन’, जो ज्योतिषाच्या वाटेने संस्कृतात आला आणि इतका रुळला की आता तो परका म्हणून ओळखूही येत नाही. ‘अक्सीर इलाज’ असे आपण म्हणतो, त्यातले ‘अक्सीर’ अरबीतून आले, आणि अरबांनी ते ग्रीकांच्या ‘झेरिओन’पासून, म्हणजे जखमेवर भुरभुरवण्याच्या कोरड्या चूर्णापासून घेतले, त्याच्या मुळाशी असलेला ‘झेरोस’, म्हणजे कोरडा, हाच शब्द आमच्या मामांच्या हातातल्या झेरॉक्सच्याही मुळाशी आहे. अफू अरबांच्या ‘अफयून’मार्गे ग्रीक ‘ओपिओन’पर्यंत जाऊन पोहोचते, आणि युनानी वैद्यक तर आपले कूळ नावातच सांगते. हे शब्द परके राहिले नाहीत, याचे कारण ते ज्यांच्यासाठी होते त्यांना ते कळले.

म्हणून इडिओपॅथिकच्या जागी कोणी उद्या ‘अज्ञातहेतुक’ असे लिहून स्वभाषेची सेवा केल्याचे समाधान मिळवू पाहील, तर मामांची शंका होती तेथेच राहील. एका पडद्याच्या जागी दुसरा पडदा येईल, एवढेच. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, हा आपल्या भाषेच्या इतिहासातला मोठा उद्योग; तरीही अर्ज, दप्तर आणि तपशील आज जिवंत आहेत. उलट सावरकरांचे ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ असे रुळले की त्यांना कोणी घडवले याची आठवणही उरली नाही. लोकांच्या जिभेने दिलेला हा निकाल आहे, आणि त्यावर अपील नाही. रक्तदाब आणि मधुमेह हे शब्द तिने पत्करले. परिचारिकेला मात्र वॉर्डात ‘सिस्टर’ अशीच हाक बसते. शिवाय पुष्कळ ठिकाणी नवा शब्द घडवण्याची गरजही नसते. ‘हर्पीज झोस्टर’ या रोगनामात ‘हर्पीज’ म्हणजे सरपटणारे आणि ‘झोस्टर’ म्हणजे कंबरपट्टा. ज्या मूळ धातूपासून ग्रीकांचे हे सरपटणे निघाले, त्याच धातूपासून आपला सर्प निघाला. आणि आपल्या आजीने याच रोगाला ‘नागीण’ हे नाव देऊन ठेवलेले आहे. नागिणीच्या तोंडाला शेपूट मिळाले की माणूस दगावतो ही समजूत खोटी, पण अंगाभोवती पट्ट्यासारखी वळत जाणारी ती फोडांची ओळ पाहून आजीने दिलेले नाव ग्रीक वैद्याच्या नावाइतकेच अचूक आहे. ज्या डॉक्टरला नागीण हा शब्द ठाऊक आहे तोच ती समजूत काढून टाकू शकेल; केवळ हर्पीज म्हणणाऱ्याच्या हातून ते होणार नाही.

तेव्हा माझे मागणे माफक आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जे शेकडो ग्रीक-लॅटिन शब्द घोकावे लागतात, ते त्याला काही तासांत उकलून शिकवावेत, म्हणजे पाठांतराचे ओझेही हलके होईल. आणि त्याच तासांत त्या त्या रोगाची गोवर, कांजिण्या, गालगुंड, कावीळ, नागीण अशी लोकांतली नावेही शिकवावीत. आणि प्रत्येक केसपेपरच्या शेवटी चार ओळी मराठीत असाव्यात: आजार काय आहे, कारण कळले आहे की नाही, औषध कशासाठी आहे, आणि परत केव्हा यायचे. यावर गर्दीचा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. ज्याच्या दारात सकाळपासून शे-दीडशे माणसे उभी आहेत त्या सरकारी डॉक्टरला उपदेश करणे सोपे आणि त्याच्या खुर्चीत बसणे कठीण, हे मी जाणतो. परंतु काही न कळलेला रोगी औषध अर्धवट सोडतो, दुसऱ्या दारात जातो आणि शेवटी वाढलेल्या दुखण्यासह पहिल्याच दारात परत येतो. त्याला लागणारा वेळ कोणाच्या खाती मांडायचा?

मामांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले. जबाब घेताना, मग तो निरक्षर शेतकऱ्याचा असो वा भर पावसात बांधावर उभे राहून घेतलेला असो, तो त्याला वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, आणि शेवटी ‘वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ असे लिहायचे, ही त्यांच्या दप्तराची रीत. महिन्याने ते पुन्हा त्याच रुग्णालयात गेले तेव्हा त्यांनी केसपेपर तरुण डॉक्टरांपुढे ठेवला आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, एवढे वाचून दाखवा.” डॉक्टर थोडे चमकले, मग हसले, “बसा, आजोबा,” म्हणाले, आणि कागद उलटा करून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मराठीत लिहिले: पित्ताच्या गांधी, तपासण्या केल्या, कारण सापडले नाही, भिण्यासारखे काही नाही, गोळी रात्री, दोन महिन्यांनी या. लिहिले आणि वाचूनही दाखवले. तीन-चार मिनिटे लागली असतील.

त्या कागदाचीही झेरॉक्स मामांनी काढून आणली आहे, या वेळी मात्र पाठपोट. पित्त अधूनमधून अजून उठते आणि गोळी घेतली की बसते. कारण अद्याप कळलेले नाही. परंतु ते कळलेले नाही हे आता मामांना कळले आहे, आणि त्यांची झोप परत आली आहे.